चौघींची पसंती

शार्दूलला स्वानंदीला लग्नाचं विचारायचं होतं, आणि गेले तीन महिने ते काही जमत नव्हतं. चिपमधली केसाहून बारीक चूक हुडकून काढणारा हा इंजिनिअर, पण एक सरळ वाक्य तोंडातून निघेल तर शपथ.

शेवटी निमित्त सापडलं. शेजारच्या मिसेस चेन लेकीकडे राहायला गेल्या. लेकीच्या घरात भिंती कमी, खिडक्याच जास्त, म्हणून आपल्या आजीकडून आलेलं एक चित्र त्या शार्दूलला देऊन गेल्या. जुन्या रेशमावर रंगवलेलं, चटईसारखं गुंडाळून ठेवायचं. त्यात ओळीनं बसलेल्या चार चिनी बायका, उंच अंबाडे, पायघोळ झगे, एकीच्या हातात पंखा. शार्दूलनं ते भिंतीवर टांगलं. सव्वाशे वर्षांचं रेशीम चँडलर गावच्या वाळवंटी उन्हात विटेल म्हणून या पठ्ठ्यानं घरातले सगळे पडदे ओढून घेतले, आणि शनिवारी दुपारी स्वानंदीला चित्र बघायला बोलावलं.

ती आली. त्यानं पोह्यांची बशी पुढे केली, कारण दुसरं काही त्याला येतच नव्हतं. मग तो रेशमावर बोलला, रंगांवर बोलला, अंबाड्यांवर तर दहा मिनिटं बोलला. मूळ मुद्दा घशातच बसून राहिला.

स्वानंदीनं शांतपणे बशी रिकामी केली.

"तुला कळतंय का इथे काय चाललंय? कांदेपोहे आहेत, तू इस्त्रीचा शर्ट घातलायस, आणि समोर बसून चार बायका तुला न्याहाळतायत. हा बघण्याचा कार्यक्रम आहे यार."

मग तिनं त्या चौघींच्या वतीनं चौकशीच सुरू केली. स्वयंपाक येतो का? पोह्यांपुरता. गाणं? नाही. बरं, जरा चालून दाखव. तो वेडा खरंच चालला आणि टीपॉयला अडखळला. पंखेवाली पंख्याआड हसतेय असं त्याला वाटून गेलं.

स्वानंदीनं पर्स उचलली. "ठीक आहे. कळवतो आम्ही."

शार्दूलच्या थोरल्या भावानं सात घरी हेच वाक्य म्हटलं होतं आणि एकाही घरी कळवलं नव्हतं. आता गप्प बसलो तर ही गेली, हे त्याला पक्कं कळलं.

"कधी कळवणार?" त्यानं घाईनं विचारलं. "म्हणजे, माझ्याशी लग्न करशील का?"

ती दारापाशी थांबली.

"त्या चौघींचं एकमत व्हायला वेळ लागेल," ती म्हणाली. "पण मुलीला मुलगा पसंत आहे."