मागच्या दरवाजाबाबत

चौतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत जावक लिपिक होतो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक टाकायचा, तो वहीत नोंदवायचा आणि कागद सोडून द्यायचा, एवढंच माझं काम. कागदात काय लिहिलंय ते वाचायचा मला अधिकार नव्हता आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती. निवृत्तीनंतर माणसं देवाधर्माला लागतात, बागेत गुलाब लावतात किंवा सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. मी घरात जावक वही सुरू केली. दूधवाल्याला दिलेली चिठ्ठीसुद्धा माझ्या घरातून क्रमांकाशिवाय बाहेर पडत नसे. चंदना, माझी बायको, म्हणायची, "मी माहेरी जाताना माझ्यावरही एक क्रमांक घाला." ती विनोद करत होती. मला मात्र त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

चंदनानं सांगलीच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला. कृष्णा नदी तर तिची तोंडपाठ. डोंगरातून उतरते, वाईला घाट ओले करते, सांगलीत आमच्या घरामागून जाते आणि शेवटी आंध्रात समुद्राला मिळते, हे तिनं हजारभर मुलांना शिकवलं असेल, पण स्वतः तिनं वाईही पाहिली नव्हती आणि समुद्रही. दोन वर्षांपूर्वी तिची डावी बाजू गेली. लीलाबाई नावाच्या बाई दिवसभर तिचं करायला येऊ लागल्या. एके दिवशी दुपारी चंदना खिडकीकडं बघत म्हणाली, "मी नदी शिकवली ती नकाशातली. एकदा वाईपासून समुद्रापर्यंत न्याल का मला?"

चाळीस वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी ते दिलं असतं की नाही हेही सांगता येत नाही. पण त्याच महिन्यात एका शाळेनं जुन्या बस लिलावात काढल्या आणि त्यातली एक मी घेतली. पुण्याहून आमचा मुलगा सम्मेद फोनवर म्हणाला, "आप्पा, तुम्हाला सायकलसुद्धा धड येत नाही." मी म्हणालो, ड्रायव्हर ठेवीन. आत पलंग, पंखा, छोटी शेगडी, सगळं बसलं. अडचण एकच राहिली. चंदनाची चाकांची खुर्ची पुढच्या दारातून जाईना. तेव्हा मागची बाजू कापून तिथं वर उघडणारा रुंद दरवाजा आणि खुर्ची चढवायला खाली सोडता येणारा पत्रा करायचं ठरलं.

हे काम इस्लामपूरच्या आकारामनं घेतलं. तो मूळचा उसाच्या ट्रॉल्या बनवणारा. मी त्याला रीतसर पत्र दिलं, बसच्या कामासाठी उघडलेल्या नव्या वहीतला जावक क्रमांक एक, विषय, मागच्या दरवाजाबाबत. रुंदी चौतीस इंच, उंची अमुक, बिजागऱ्या अशा, रबर तसं. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला.

"आण्णा, ह्ये काय लग्नाची पत्रिका हाय व्हय?"

"तोंडी सांगितलेलं मी मानत नाही."

"बरं. मग आपलंबी ठरलं. तुमची चिठ्ठी आल्याबिगर आता म्या एक खिळाबी ठोकनार न्हाई." असं म्हणून त्यानं ते पत्र भिंतीतून बाहेर आलेल्या वेल्डिंगच्या सळीत खोचलं. अशिक्षित माणसाला आपण कार्यपद्धती शिकवली याचं समाधान घेऊन मी परत आलो.

पंधरा दिवसांनी गेलो तर मागची बाजू कापलेली होती, चौकट बसलेली होती, आणि चौकटीची रुंदी अठ्ठावीस इंच होती. मी टेप दोनदा लावला. आकाराम म्हणाला, "सुताचाबी फरक निघायचा न्हाई. चिठ्ठीपरमानं हाय."

"चिठ्ठीत चौतीस आहे."

त्यानं सळीवरून वरचा कागद काढून दिला. जावक क्रमांक दोन. रुंदी चौतीसऐवजी अठ्ठावीस करावी. अक्षर माझं, सही माझी, सहीखालची तिरकी रेघसुद्धा माझीच.

"कोणी आणून दिली?"

"आता घ्या. तुमीच की. मंगळवारी आला, च्या बी घेतला न्हाई."

घरी येऊन वही उघडली. क्रमांक दोनची नोंद होती. चौतीस वर्षं लिपिकी केलेला माणूस स्वतःच्या आठवणीवर शंका घेईल, वहीवर घेणार नाही. वय झालं, असं मी मनाशी म्हटलं आणि पुढच्याच आठवड्यात सम्मेदनं चंदनासाठी नवी खुर्ची पाठवली. जुनीपेक्षा अरुंद, पंचवीस इंचांची. दरवाजा बरोबर होता. कागद पुढं गेला होता आणि कारण मागून आलं होतं. कचेरीत हे रोजच घडायचं आणि आम्ही त्याला कार्योत्तर मंजुरी म्हणत असू. मीही ती देऊन टाकली.

तिसऱ्या खेपेला खाली सोडायचा पत्रा निघालेला होता. त्याजागी बसच्या आतून मागपर्यंत सहा फुटी दोन सरकते रूळ जोडले होते आणि दरवाजाला, गुडघ्याच्या उंचीवर, एक आडवी काच बसवली होती.

"खुर्ची कशी चढणार?" मी विचारलं.

आकारामनं चष्मा लावून कागद वाचला. "खुर्ची कुटं लिवलीया? निजवून न्यायाचं लिवलंय. काच खाली घ्या म्हनालासा, म्हंजी निजल्याजागी भाईर दिसंल." मग तो जरा हळू आवाजात म्हणाला, "बाईंचं लय बगता तुमी."

या वेळी मी त्याच्याशी वाद घातला नाही. क्रमांक तीन वहीत होताच. आठ दिवसांनी चंदना खुर्चीतून एका अंगाला कलली ती सावरली नाही. डॉक्टर म्हणाले, आता बसवत जाऊ नका, आडवंच असू द्या. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती. पण मला वाटलं ते हायसं. रूळ तयार होते, प्रवास रद्द होणार नव्हता. संध्याकाळी मी तिला खालच्या काचेबद्दल सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला की बऱ्याच वर्षांत मी तसा पाहिला नव्हता.

"म्हणजे नदी दिसेल मला. किती विचार करता हो तुम्ही."

मी नाही म्हणालो नाही. दुसऱ्याच्या मसुद्यावर साहेब सही करतात तेव्हा त्यांना कसं वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

चौथ्या खेपेला दरवाजा पूर्ण झाला होता. रंग लागला होता, रबर बसलं होतं, एका बोटानं उचलावा इतका तो हलका झाला होता. मी आत शिरून तो ओढून घेतला आणि उघडण्यासाठी कडी चाचपू लागलो. कडी नव्हती. जिथं होती तिथं ग्राइंडरनं घासून वर रंग दिलेला होता. मी पत्रा वाजवला, आकारामनं बाहेरून उघडलं आणि मी विचारायच्या आत कागद पुढं केला. जावक क्रमांक चार. दरवाजाची आतील कडी काढून टाकावी. आतून उघडण्याची आवश्यकता राहणार नाही.

इतकी स्वच्छ कार्यालयीन भाषा मी स्वतः कधी लिहू शकलो नसतो.

आधीच्या दोन्ही कागदांमागून आठवड्याभरात कारण येऊन पोचलं होतं. या कागदाचं कारण मला येऊ द्यायचं नव्हतं. घरी येऊन वही उघडली. क्रमांक चारच्या खाली क्रमांक पाच होता. वाहनाचा ताबा घेणेबाबत. तारीख उद्याची. मी लगेच आकारामला फोन लावला. तो म्हणाला, "आण्णा, आपलं ठरलंय न्हवं? चिठ्ठी आना." तेव्हा मी क्रमांक सहा लिहिला. यापूर्वीचे सर्व आदेश रद्द समजावेत, गाडी आहे त्या जागी ठेवावी. सही करताना मधेच दोनदा थांबलो. रात्रभर मी चंदनाच्या पलंगाजवळ खुर्ची टाकून बसलो आणि सकाळी लीलाबाई आल्यावर साडेआठच्या एसटीनं इस्लामपूरला निघालो. त्या दिवशी मी घरीच थांबायला हवं होतं, हे आता कोणीही सांगेल. पण आदेश बजावल्याशिवाय अमलात येत नाही, हे माझ्या हाडात भिनलं होतं.

आकारामच्या शेडसमोरची बसची जागा रिकामी होती. जमिनीवर तेलाचे डाग तेवढे होते.

आकारामनं माझा कागद वाचला. मग सळीवरचे पाचही कागद काढून त्याच्या शेजारी धरले आणि बराच वेळ बघत राहिला.

"आण्णा, राग मानू नका. पन ही सई तुमची न्हाई."

"मी तुझ्यासमोर उभा आहे, आकाराम."

"ते दिसतंय की. पन कागदाचं काय करू? गाडी तर गेली. नवाच्या सुमाराला तुमीच न्हेली, ही पोच दिली."

पोचपावतीवरची सही माझी होती, पण मी कचेरीत असतानाची, ठाम आणि एका दमात केलेली. माझ्या हातातल्या कागदावरची सही कुणा म्हाताऱ्यानं तिची नक्कल करावी तशी दिसत होती. माझ्या टेबलावरून असा कागद मी परतच पाठवला असता. तसे पाठवलेही होते. एक गृहस्थ तर रडले होते, आणि मी त्यांना फक्त पाणी दिलं होतं.

"चालवत कोण होतं?" मी विचारलं.

"आता काय बोलायचं? तुमीच की. लय साफ हात हाय तुमचा. त्या कोपऱ्यावरनं एका दमात वळवली."

आकारामनं मला बाकावर बसवलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. मी घरी फोन लावला. लीलाबाईंनी उचलला.

"आवं, आत्ताच तर न्हेलंत बाईंना. काय इसरलं का?"

तांब्या मी बाकावर ठेवला. मग मी विचारलं, "ती काही म्हणाली?"

"लय खूश हुत्या. केस इंचरून घेतलं, नवी साडी नेसल्या. आदी वाईला जायाचं म्हनत हुत्या. आन तुमी त्यास्नी असं अलगद उचललं, म्या म्हनलं, येवढी ताकद कुटनं आली ह्यास्नी. बरं, औशिदाची पिशवी न्हेली न्हाईसा बगा. तुमीच म्हनालासा, ऱ्हाऊ द्या."

वाईला जायचं तर सांगलीहून इस्लामपूरवरूनच रस्ता आहे. मी शेडबाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. आकाराम मागून काहीतरी म्हणत होता, उन्हात उभं राहू नका असं काहीसं. पाऊण तासानं सांगलीच्या बाजूनं, आष्ट्याकडून, आमची पिवळी बस आली. मी रस्त्यावर पुढं होऊन दोन्ही हात वर केले. तिनं वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही. रस्ता ओलांडणाऱ्या एखाद्या जनावराला चुकवावं तशी ती सहज मला वळसा घालून गेली. पुढच्या काचेवर ऊन होतं, चालवणारा दिसला नाही.

मागच्या काचेत चंदना दिसली. कुशीवर निजलेली, उशीला गाल टेकलेला, केसांचा भांग सरळ. तिनं मला पाहिलं. प्रवासाला निघालेली आनंदी माणसं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कुणाही परक्याला हात करतात, तसा तिनं मला हात केला, आणि बस पेठ नाक्याच्या दिशेनं वळायच्या आतच तिची नजर माझ्यावरून निघून शेजारच्या उसाकडं गेली होती.