करपलेला वाफा

मित्रांनो, मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे. पितळेत तांब्याबरोबर जस्त असते, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. त्या जस्ताचीच ही हकीकत आहे.

चाकणजवळच्या एका गावात सोनबा नावाच्या शेतकऱ्याने मला वीस वर्षे पाठीवर वागवले. पुढे भोवती कारखाने उभे राहिले, शेत वीस गुंठ्यांवर आले आणि मी पडवीतल्या खुंटीवर धूळ खात राहिलो. बोअरच्या खाऱ्या पाण्याने त्या तुकड्यावर पांढरा थर चढला. गहू पिवळा, खुजा राहू लागला.

"यंदा दाणा न्हाई आला, तर जमीन गोडाऊनला देऊन टाकू," सोनबा म्हणाले.

"आन् मी काय पत्र्यावर गहू पेरू व्हय?" त्यांच्या पत्नी शालनबाई कडाडल्या.

शालनबाईंनी राजगुरुनगरला माती तपासून आणली. क्षार जास्त, जस्त कमी. झिंक सल्फेट फवारा, असे तेथे सांगण्यात आले. त्याने क्षार जात नाहीत. पण रोपाला ते सोसण्याचे बळ मिळते.

मुलगा जयदीप नटबोल्टांना जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात कामाला होता.

"आई, इकत कशाला? आमच्या टाकीत जस्ताचंच पाणी हाय. कॅनभर आणतो."

"ते लोखंडाला असतंय रं."

"जस्त ते जस्तच की!"

"मग एकच वाफा मार. बाकीच्याला हात लावायचा न्हाई."

जयदीपने मला खुंटीवरून काढले, ते पाणी भरले आणि एक वाफा फवारला. तिसऱ्या दिवशी तो वाफा करपला. मित्रांनो, टाकीतल्या त्या पाण्यात तीव्र आम्ल होते, आणि ते माझ्याच तोंडातून गेले होते.

जयदीपची मान खाली गेली.  शालनबाईंनी मला तीनदा धुतले, आम्लाने खराब झालेला रबरी वायसर बदलला. मग दहा लिटर गोड्या पाण्यात पन्नास ग्रॅम शेतीचे झिंक सल्फेट विरघळवले आणि पाने भाजू नयेत म्हणून भिजवलेल्या पंचवीस ग्रॅम चुन्याची निवळी फडक्याने गाळून त्यात मिसळली. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या झाल्या. नवी पाने हिरवी निघाली.

सुगीला चार पोती गहू आला; जमीन खारवण्याआधीच्या निम्मा, पण दाणा भरला होता. सोनबांनी ओंबी तळहातावर चोळली, दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिले.

"गोडाऊनवाल्याला सांग, औंदा न्हाई."

करपलेला वाफा शालनबाईंनी आठवण म्हणून काही न पेरता तसाच ठेवला आहे. शिफ्टला जाताना जयदीप तेथे गाडी हळू करतो.

मित्रांनो, माझ्यात काय भरता ते आधी नीट वाचा, आणि काम झाल्यावर मला धुऊन ठेवा. मला नाही म्हणता येत नाही. तुम्ही भराल तेच माझ्या तोंडून पिकावर पडते.