मुक्या बिया

मंगळवारी पिशवी आली. काकूंनी ती उघडली आणि लगेच नाक मुरडलं.

"अहो, या बिया आंबल्यात. पिकून चाललेल्या फळांच्या टोपलीसारखा वास मारतोय."

"आंबल्या नाहीत, त्यांचा वासच तसा असतो," रेडिओकाका म्हणाले आणि पिशवीत अख्खं नाक खुपसून बसले.

चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवल्यामुळे त्यांना हे नाव पडलं होतं. दुकान बंद केलं तरी हात स्वस्थ बसेनात, तेव्हा त्यांनी कॉफीच्या कच्च्या बिया घरी भाजायचं वेड घेतलं. बाल्कनीत एक शेगडी, एक लोखंडी कढई, लांब दांड्याचं एक लाकडी उलथनं आणि बिया गार करायला चाळण, एवढाच संसार. बिया पाठवायची बागवाली. वडिलांच्या मागे कॉफीची बाग ती एकटीच सांभाळत होती. तिच्या वडिलांचा रेडिओ काकांनी इतक्यांदा जिवंत केला होता की ती त्यांना घरचंच मानायची.

पिशवीत तिची चिठ्ठी होती. 'काका, यंदा पहिल्यांदाच एक प्रयोग केलाय. फळं सोलून धुण्याऐवजी अख्खीच उन्हात वाळवली. पाच आठवडे रोज चार वेळा हाताने फिरवत होते, पाठीचे पार तुकडे पडले. सगळ्या बिया आपल्याच बागेतल्या, त्यातही वरच्या उतारावरच्या. एक किलो पाठवतेय. रविवारी येते. तुमच्या हातची कॉफी प्यायले की पुढच्या वर्षी हा उपद्व्याप करायचा की नाही, ते ठरवेन.'

म्हणजे बागवालीच्या पाच आठवड्यांच्या मेहनतीचा निकाल काकांच्या कढईत लागणार होता. काका अर्थातच फुलून गेले.

"कान लागतो त्याला," ते काकूंना म्हणाले. "रंगाने कळत नाही, वासाने कळत नाही. बी तडतडायला लागली की मनात नव्वद आकडे मोजायचे आणि कढई उतरवायची. बस!"

काकूंनी हे व्याख्यान इतक्यांदा ऐकलं होतं की त्या स्वतः ते देऊ शकल्या असत्या.

कढईत एका वेळी पाव किलो बिया मावायच्या. बुधवारी काकांनी पहिला पाव किलो भाजायला घेतला. बिया पिवळ्या झाल्या, तपकिरी झाल्या, त्यांचे पापुद्रे उडून बाल्कनीभर पसरले, पण तडतड काही येईना. काका उलथनं फिरवत वाट पाहत राहिले, आणि शेवटी कढईतून काळा धूर निघाला. काकांनी खापर शेगडीवर फोडलं. गुरुवारी पुन्हा तेच झालं. त्या दिवशी दोष कढईचा होता. शुक्रवारी तिसरा पाव किलो कोळसा झाला, तेव्हा त्यांनी थेट बागवालीला फोन लावला.

"तुझ्या बिया मुक्या आहेत!"

"अशा वाळवलेल्या बिया थोड्या हळूच वाजतात, काका," ती म्हणाली.

"काय?"

"हळू वाजतात म्हटलं!" ती ओरडली. "रविवारी येतेच आहे, आपण मिळून ऐकू."

काकांनी फोन ठेवला आणि हल्ली फोनही कसले मिळमिळीत बनवतात, असं पुटपुटले. बातम्या देणारी माणसं वर्षभरापासून तोंडातल्या तोंडात बोलत होती. दाराची घंटा दोनदा दुरुस्त करून झाली होती. जगातली एकूण एक वस्तू बिघडत चालली होती आणि तिच्या बिघाडाचं कारण काकांकडे तयार होतं.

रविवारी बागवाली आली तेव्हा पिशवीत शेवटचा पाव किलो उरला होता. ती आणि काकू बाल्कनीच्या दाराशी खुर्च्या टाकून बसल्या. काका कढईसमोर उभे राहिले. हाही घाणा करपला तर ही बिचारी आपली मेहनत फुकट गेली असं समजून निघून जाईल, आणि दोष खरं तर आपला असेल. 'आपला' हा शब्द मनात आला आणि ते स्वतःच दचकले.

बिया पिवळ्या झाल्या. वास गोड झाला. बिया तपकिरी होऊ लागल्या.

मागे बाग, ऊन आणि पाठदुखी यांच्या गप्पा चालल्या होत्या. मध्येच त्या थांबल्या. काकांनी सहज वळून पाहिलं. दोघीही कढईकडे बघत होत्या. बागवालीचा चेहरा खुलला होता, आणि काकू मात्र कढईऐवजी आता काकांकडे बघत होत्या.

त्या दोघींना काहीतरी ऐकू येत होतं.

शेगडी चांगली होती, कढई चांगली होती, घंटा तर बिचारी पहिल्यापासूनच चांगली होती. 'ऐकू येत नाही' एवढे तीन शब्द बोलायचे होते, पण ज्या माणसाने चाळीस वर्षं कानाची भाकरी खाल्ली त्याच्या तोंडून ते निघेनात. बिया तर थांबणार नव्हत्या.

मग हातच पुढे झाला. दुकानात एखादा रेडिओ घुमायला लागला की काका लांब पेचकसाचं टोक आतल्या ट्रान्सफॉर्मरवर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायचे, म्हणजे बारीकशी गुरगुरसुद्धा थेट डोक्यात यायची. आता त्यांनी उलथन्याचं पातं कढईच्या बुडाशी दाबलं, वाकले आणि दांड्याचं टोक कानामागे टेकवलं.

टक. टक टक. टक.

"वाजतायत!" ते केवढ्याने तरी ओरडले. "अगं, वाजतायत! बोलतायत की या!"

ढवळायचं, टेकवायचं, पुन्हा ढवळायचं, असा त्यांचा नाच सुरू झाला. नव्वद आकडे मनात मोजण्याऐवजी ते मोठ्याने मोजत होते आणि सत्तरच्या पुढे बागवालीही सामील झाली. नव्वद झाले आणि त्यांनी कढई चाळणीत उलटी केली. काकूंनी पुठ्ठ्याने वारा घातला. पापुद्रे तिघांच्याही केसांत जाऊन बसले. काकांचा जीव भांड्यात पडला.

"खरं तर दोन दिवस मुरू द्यायला हवं," बागवाली म्हणाली आणि लगेच बिया दळायला घेतल्या.

कॉफी लालसर उतरली. बागवालीने एक घोट घेतला आणि लगेच दुसरा.

"आमची फळं झाडावरून तोडून खाल्ली की अशी लागतात," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पुढच्या वर्षी वरचा सगळा उतार असाच वाळवणार. पाठीचं काय व्हायचं ते होवो."

काका खुशीत काकूंकडे वळले. काकू दुसरा घोट घेत होत्या आणि साखरेचा डबा समोर तसाच होता. वर्षभर त्या कॉफीत तीन-तीन चमचे साखर घालत होत्या. वयाप्रमाणे गोडाची आवड वाढली असेल, असं काकांना वाटायचं.

"साखर नको?"

"आज कशाला?"

"म्हणजे वर्षभर मी तुला करपलेली कॉफी पाजत होतो? आणि तू मूग गिळून गप्प बसलीस? एकदा तरी बोलायचंस!"

"बोलले होते," काकू म्हणाल्या. "तीनदा. तिन्ही वेळा तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, 'छान झालीय ना?'"

बागवालीने हसू लपवायला कप तोंडाला लावला. काकांना मात्र हसू आलं नाही. कान गेल्याचं दुःख त्यांनी कसंबसं गिळलं असतं, पण ही बाई वर्षभर आपल्याशी बोलत होती आणि आपण नुसती मान हलवत होतो, हे त्यांना फार लागलं.

"आणखी काय काय बोललीस?" त्यांनी विचारलं.

"बरंच. त्यात काही चांगलंही होतं."

काका उठले. त्यांनी उलथनं आणलं, पुसलं, दांड्याचं टोक कानामागे लावलं आणि पातं काकूंच्या हनुवटीखाली धरलं.

"सांग."

"अहो, ही बसलीय ना इथे!"

"माझ्याकडे बघूच नका," बागवाली म्हणाली आणि डोळे सताड उघडे ठेवून बघत बसली.

काकू लाजल्या. मग त्यांनी हनुवटी पात्यावर टेकवली आणि त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय."

शब्द न् शब्द ऐकू आला. इतक्या दिवसांनी, इतक्या जवळून.

"आणि ते चांगलं काय होतं?"

"ते डॉक्टरांकडून आल्यावर सांगेन."

रविवार होता, दवाखाना बंद असणार हे काकांना पक्कं माहीत होतं, तरी ते नंबर लावायला फोन शोधू लागले.