उसात गेलेली उपासना

सांगलीपासून साताऱ्यापर्यंत माझ्याएवढा धीट पेटीवाला झाला नाही. हे मीच सांगतोय म्हणून खोटं मानू नका. कुस्तीच्या मैदानात दोन पैलवान अंगावर कोसळायच्या बेतात असताना मी वाजवलंय. मेढ्याला लग्नाच्या मांडवानं पेट घेतला, नवरा-नवरी पळाली, मी अंतरा पुरा करून उठलो. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'भिऊ नको' अशा मतलबाची सतरा गीतं आहेत. सतराच्या सतरा मला तोंडपाठ. पाळकसाहेब दर रविवारी सगळ्यांसमोर म्हणायचे, "विश्वास असावा तर शांतवन मास्तरांसारखा." मी मान खाली घालायचो, पण लगेच नाही. सगळ्यांनी बघितल्याची खात्री झाल्यावर घालायचो.

हे एकोणीसशे शहात्तरच्या नोव्हेंबरच्या आठ तारखेपर्यंत. त्या दिवशी मी शाळेत संगीताचा तास घेत होतो आणि शिपायानं हेडमास्तरांचा एक कागद आणून पेटीवर ठेवला.

"श्री. शांतवन लोंढे, संगीत शिक्षक. अपत्ये तीन. कुटुंबनियोजनाच्या दोन केसेस तीस तारखेपर्यंत आणाव्यात. अन्यथा स्वतःचे ऑपरेशन करून सर्टिफिकेट हजर करावे. अन्यथा नोकरीबाबत विचार करावा लागेल."

आणीबाणीचे दिवस. नसबंदीला राजी झालेल्या माणसाला तेव्हा केस म्हणायचे आणि मास्तर लोकांना केसेस आणायचा कोटा होता, हे मला माहीत होतं. पण एका कागदात दोन वेळा 'अन्यथा' मी पहिल्यांदाच वाचलं. माझा गुडघा उडाला, भात्यावर आपटला आणि पेटीनं हुंदका दिला. मुलं हसली. मी तास सोडून दिला.

घरी एस्तेर तांदूळ निवडत होती. तिनं कागद वाचला.

"मग करून टाका की."

"अगं, मी कलावंत आहे."

"पेटी वाजवायला ते कशाला लागतंय?"

"सुई, चाकू, टाके... मला ते बघवत नाही."

"म्हाइत हाय मला. गेल्या साली पायातला काटा काढायचा हुता तर अख्खी आळी प्रार्थनेला बसवली हुती तुमी."

मी आतल्या खोलीत जाऊन गुडघे टेकले. म्हटलं, प्रभू, दोन माणसं दे. इतक्या नेमक्या आकड्याची प्रार्थना मी आधी कधी केली नव्हती. उठल्यावर चार दिवस सांगलीभर हिंडलो. शहरात केस शिल्लक नव्हती. ड्रॉइंगच्या मास्तरांनी भंगारवाला पटवला होता, पीटीच्या मास्तरांनी स्वतःचा मेव्हणा. मला दोन मेव्हणे. मी येताना दिसलो की दोघंही मागच्या दारानं जायचे.

इथं पाळकसाहेबांचं सांगायला पाहिजे. तरुण माणूस, नाशिककडून आलेला, बोलणं एकदम शुद्ध. दोन वर्षं माझ्या मागं लागले होते, की मास्तर, पेटी घेऊन वाड्यावस्त्यांवर चला. आधी गाणं, मग शास्त्रातली, म्हणजे बायबलातली गोष्ट, मग लागेल त्याला दवागोळ्या. मी कायम नाही म्हणायचो. धुरळ्यानं पेटीचे सूर बिघडतात, असं कारण द्यायचो. खरं कारण खेड्यातली कुत्री.

चौदा तारखेला मी स्वतः त्यांच्या दारात गेलो आणि म्हटलं, "साहेब, वाडीवर कधी जायचं?"

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "प्रभूनं तुमचं मन हलवलं, मास्तर."

प्रभूनं नव्हे, हेडमास्तरांनी. पण मी गप्प बसलो. माझ्या आतल्या खिशात दोन कोरे फॉर्म होते आणि अंगठ्याला शाई लावायची डबी होती. मोकळी माणसं गाणं ऐकायला बसतील, तेव्हा हळूच दोघांना बाजूला घ्यावं, असा माझा बेत.

मिशनच्या दवाखान्यानं त्यांची जुनी जीप दिली. पांढरी, दारावर लाल फुली. जीप चालवायला सिकंदर. तो तबलाही वाजवायचा, त्यामुळं एका माणसाचं जेवण वाचायचं. पाळकसाहेबांनी वाटेत त्या दिवसाचा विषय सांगितला: प्रभूच्या मागं गेलेल्या मासे धरणाऱ्यांनी पुढं माणसं कशी धरली. माझा खिसा जड झाला.

इस्लामपूर सोडून शिराळ्याकडं जाताना ती वाडी लागते. नाव सांगत नाही. तिथली माणसं मला अजून ओळखतात. सकाळचे दहा वाजले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूला डोक्याच्या वर गेलेला ऊस. पारापाशी जीप थांबली. पाळकसाहेब पांढरा झगा घालून उतरले, सिकंदरनं काळी लाकडी पेटी उतरवली. पांढरी जीप, लाल फुली, पांढरा झगा आणि काळी पेटी एवढं एका ठिकाणी आलं की त्या साली त्याचा अर्थ काय व्हायचा, हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

कुठंतरी एका बाईनं परातीवर उलथनं बडवलं. आणि वाडीतले सगळे बापे उसात गेले. ओरडा नाही, काही नाही, नुसतं गेले. पारावर एक जण दाढी करून घेत होता, तो अर्धी दाढी साबणात ठेवून गेला. त्याच्यामागं वस्तरा हातात धरून न्हावी गेला.

मला वाटलं वाघ आला. मी जीपमध्ये परत चढलो.

"उतरा मास्तर," सिकंदर म्हणाला. "वाघ आपुनच हाय."

पारावर एक म्हातारी तेवढी बसून राहिली होती. हरणाबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. तिच्या मागं तिचा नवरा आकाराम, सत्तरीच्या पुढचा, घोंगडं पांघरून उन्हाला बसलेला.

"कुटनं आलायसा?" म्हातारीनं विचारलं.

"सांगलीहून, आजी. मिशनमधून," पाळकसाहेब म्हणाले.

"म्हंजे दवाखाना. माज्या जावंचं आतडं तितंच काडलं. पेटीत काय हाय, हत्यारं?"

"गाण्याची पेटी आहे. आम्ही आधी गाणार."

"गाऊन मग कापताय व्हय?"

पाळकसाहेबांना काही समजेना. ते म्हणाले, मास्तर, सुरू करा, सूर ऐकला की माणसं येतील. मी बसलो. एक लांबडं कुत्रं माझ्या मांडीचा वास घ्यायला आलं, त्यामुळं पहिला सूर जरा उंच लागला. समोर ऊस सळसळला. मी आणखी वर गेलो, तशी सळसळ मागं मागं सरकत गेली.

"वरच्या पट्टीत नगा जाऊ," सिकंदर तबल्यावरनं हात न उचलता म्हणाला. "माणसं पार शिराळ्यात निघतील."

मग पाळकसाहेबांनी कर्णा हातात घेतला आणि उसाला उद्देशून बोलले. "बंधूंनो, भिऊ नका. एकेकानं पुढं या. फार वेळ लागणार नाही."

ऊस एकदम गप्प झाला.

तेवढ्यात आकाराम म्हातारा घोंगडं सावरत उठला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आपरेशन केलं की तुपाचा डबा देत्यात म्हणं?"

"देतात," मी म्हणालो. खिशातले फॉर्म चाचपले.

"मग मला घ्या."

पाळकसाहेबांना शेवटचं तेवढंच ऐकू आलं. ते धावत आले. "बाबा, मनापासून म्हणताय?"

"व्हय."

"कुणाची जबरदस्ती नाही ना?"

"न्हाई. माज्या मर्जीनं."

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. दोन वर्षांत त्यांच्या बोलण्यानं कुणी जागचं हललं नव्हतं. एक हात त्यांनी धरला, एक मी, आणि आम्ही म्हाताऱ्याला जीपमध्ये बसवला. त्यांना पहिला आत्मा मिळाला होता, मला पहिली केस. माणूस एकच होता.

मी डबी काढून म्हाताऱ्याच्या अंगठ्याला शाई लावली.

"शाई कशाला, मास्तर?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"हजेरी," मी म्हणालो.

हरणाबाई उठून उभी राहिली. तिचा आवाज पेटीपेक्षा खणखणीत. "आवं, म्हाताऱ्याला धरलं की ह्यांनी. सत्तरी झाली, आता काय ऱ्हायलंय त्येचं?"

घराघरातनं बायका खुरपी घेऊन बाहेर आल्या. मग ऊस दुभंगला आणि बापे आले. पुढं मानसिंग सुभेदार, पलटणीतनं पेन्शनीत आलेला, मिशा काठीएवढ्या जाड आणि काठी मिशांपेक्षा जाड. अर्धी दाढी केलेला माणूस त्याच्या डाव्या हाताला, न्हावी वस्तऱ्यासकट उजव्या हाताला. मला वस्तराच दिसत होता. सतरापैकी एक गीत आठवेना.

मानसिंगनं माझ्या हातातली शाईची डबी बघितली. "पेटीवाल्या, खरं सांग. गाणं घिऊन आलायस का गिऱ्हाईक न्ह्याला?"

"आमचे मास्तर खोटं बोलत नाहीत," पाळकसाहेब मधे पडले. "त्यांच्या विश्वासाची मी खात्री देतो."

हे त्यांनी बोलायला नको होतं. एरवी मी खोटं बोलून गेलो असतो. सिकंदर माझ्याकडं बघत होता, कुत्रं बघत होतं. माझी तंगडी अशी थडथडत होती की पायातली चप्पल आपोआप निघाली. मी खिशातनं शाळेचा कागद काढला आणि मानसिंगला दिला.

त्यानं वाचला. परत माझ्या हातात दिला आणि वर कर्णा दिला. "मोठ्यानं वाच. आत माणसं हायती अजून, त्यास्नी बी कळू दे."

मी वाचलं. माझं नाव, अपत्ये तीन, दोन केसेस, पहिलं अन्यथा, दुसरं अन्यथा. मग उसातनं कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरा. मग एकराभराचा ऊस हसायला लागला. माणसं पानं बाजूला सारत, डोळे पुसत बाहेर आली.

"म्हंजे तू बी पळतच आलायस की रं गड्या," अर्धी दाढीवाला म्हणाला आणि त्यानं मला बसायला पोतं टाकलं.

पाळकसाहेब तेवढे हसले नाहीत. "म्हणजे बाबा माझ्याकडं आलेच नव्हते?"

"तुमच्याकडं न्हाई, मास्तराकडं बी न्हाई," सिकंदर म्हणाला. "तुपाकडं आलं हुतं."

आकाराम जीपमधनं उतरायला तयार नव्हता. डबा मिळाल्याशिवाय उतरणार नाही म्हणाला. त्याला तिथंच राहू दिला.

मग मानसिंग म्हणाला, आलायसा तर वाजवा. मी पेटी ओढली. हात कापतच होते. बोटं पट्टीवर पडायची ती थरथरत, त्यामुळं सुराला अशी काही लहर आली की बायका खुरपी खाली ठेवून बसल्या. मी 'भिऊ नको' मतलबाचं एक गीत घेतलं. इतकी वर्षं मी ते न भिता वाजवत होतो, म्हणजे ज्याला कधी ताप आला नाही त्यानं औषधाची तारीफ करावी तसं. त्या दिवशी ते मी स्वतःसाठी वाजवलं. समोर बसलेली माणसंही भ्यालेलीच होती. दुसऱ्या कडव्याला त्यांनी टाळ्या धरल्या, तिसऱ्याला म्हणायला लागली. हरणाबाई म्हणाली, पुन्यांदा म्हणा. पाळकसाहेबांनी प्रवचनाची वही मिटून ठेवली आणि तेही माणसांत जाऊन बसले. भीती गेली नव्हती. गुडघे हलत होते. पण बोटं चुकत नव्हती. ह्यालाच विश्वास म्हणत असतील तर तो मला बेचाळिसाव्या वर्षी नसबंदीच्या धसक्यानं मिळाला. हे चर्चमध्ये उभं राहून सांगता येत नाही, म्हणून इथं लिहितोय.

चौथं कडवं चालू होतं. परत परात वाजली.

रस्त्यावर धुरळा आणि धुरळ्यात दुसरी जीप. ही खरी होती, तालुक्याची. तलाठी, दोन पोलीस, मागं मोकळी बाकडी.

"पळ रं पेटीवाल्या," मानसिंग म्हणाला आणि दिसेनासा झाला.

सगळे उसात गेले. पाळकसाहेब झगा गुडघ्यापर्यंत धरून गेले. त्यांचं अजून लग्नही झालं नव्हतं. सिकंदरनं आमची जीप चालू केली आणि आकारामसकट इस्लामपूरच्या दिशेनं गेला. मी पेटी छातीशी कवटाळून घुसलो. मंडळीची पेटी, टाकून कशी जाणार. आत हिरवा अंधार. पानं तोंडाला कापत होती, कुठली सरी कुठं जाते कळत नव्हतं, कानात नुसती माझीच धाप. पट्ट्या माझ्या छातीवर दाबल्या गेल्या होत्या आणि भात्याचा पट्टा सुटला होता. एक पाऊल टाकलं की पेटी भोंऽ करायची. दुसरं टाकलं की परत भोंऽ.

तलाठी माझ्यामागं सावकाश चालत आला. त्याला पळायची गरजच नव्हती.

"मी शिक्षक आहे," मी म्हणालो.

"अपत्यं किती?"

"तीन."

"या मग."

इस्लामपूरच्या शिबिरात दहा मिनिटांत झालं. काटा काढायला जास्त वेळ लागला होता. पुढचे आठ दिवस मी उताणा पडून होतो आणि एस्तेर आल्यागेल्याला सांगत होती की मास्तरांनी स्वतः पुढं होऊन केलं.

एकोणतीस तारखेला मी पाय फाकवत शाळेत गेलो आणि क्लार्कपुढं सर्टिफिकेट ठेवलं. त्यानं ते उलटंपालटं करून बघितलं. केस आणणाऱ्याच्या नावापुढं तलाठ्याचं नाव होतं. एक केस दोन खात्यांत दाखवता येत नाही, असं क्लार्कनं सांगितलं. तलाठ्याचा कोटा माझ्यावर पूर्ण झाला आणि शाळेच्या यादीत माझ्यापुढं शून्य लागलं.