जितं माणूस खाली ठेवत नाहीत

मी एक जुनी डोली आहे. नाव ऐकून फसू नका, मित्रांनो. नवरीला मिरवायची झालरीवाली डोली ती मी नव्हे. एक लांब बांबू, घायपाताच्या वाखाची दोरी आणि एक काळी घोंगडी, एवढाच माझा संसार. तान्ह्या बाळाला झोळीत घालतात ना, तशीच मी. फक्त माझ्यातलं बाळ कधी सुरकुतलेलं असतं, कधी दाढीमिशीवालं असतं, आणि ते हसत नाही, कण्हतं.

खालापूरच्या डोंगरात, बैलगाडीची वाट संपते तिथून बरंच वर, ठाकरांची एक वाडी आहे. तिथल्या पदूने मला बनवलं. त्याने कड्याजवळच्या बेटातला बांबू निवडला, शेकून सरळ केला, त्याच्या पेरांवरच्या गाठी कोयत्याने तासल्या, म्हणजे वाहणाऱ्यांच्या खांद्याला काच होऊ नये. दोरीची जाळी विणून झाली तेव्हा त्याने त्याची धाकटी पोरगी उचलली आणि मला पारखायला म्हणून माझ्यात ठेवली. ती पाय हलवता हलवता झोपी गेली. तिच्या गालावर जाळीचा ठसा उठला. पदूने तो बोटाने हळूच चोळला आणि जाळीवर आणखी एक घोंगडीची घडी घातली. मऊपणा माझ्यात आला तो असा.

मग माझं काम सुरू झालं. अडलेली बाळंतीण, पान लागलेला, म्हणजे साप चावलेला माणूस, करवंदीच्या जाळीत पाय मोडलेली म्हातारी, सगळ्यांना मी खाली नेलं. डोंगर उतरायचा, पायथ्याचं गाव ओलांडायचं आणि पुढे थेट कर्जतचा दवाखाना गाठायचा. बरं होऊन आपल्या पायांनी परत आलेल्या माणसाच्या घरची बाई माझ्या बांबूला तेल चोळायची. त्या दिवसांत मला फार मान होता.

आणि एक रीत होती. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. डोलीत जितं माणूस घातलं की डॉक्टरच्या दारापर्यंत डोली जमिनीला टेकवायची नाही. धोंड्यावरसुद्धा ठेवायची नाही. दमलेला माणूस बाजूला सरायचा, दुसरा आपला खांदा बांबूखाली घालायचा, डोली अधांतरीच राहायची. का? तर अर्ध्या वाटेत खाली ठेवतात ते तिरडीला. ज्याला परत आणायचं नसतं, त्याला.

आता कमळ्याचं सांगते. कमळ्या ह्याच वाडीचा. लढाईच्या दिवसांत कर्जतला भरतीवाले आले. त्याचे रुंद खांदे बघून त्यांनी त्याला रस्ते बांधणाऱ्या पलटणीत घेतलं. तो डोंगर उतरला तो शीळ घालत, स्वतःच्या पायांनी. ब्रह्मदेशातून परत आला तेव्हा मांडीत बॉम्बचा तुकडा होता. पलटणीच्या डॉक्टरांनी थोडा काढला, थोडा राहिला. माणसाला मी वर नेलं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

त्याची बायको जना वाडीच्या तोंडाशी उभी होती. तिने घोंगडीची कड बाजूला केली, त्याच्या पायाकडे बघितलंच नाही, तोंडाकडे बघितलं. म्हणाली, "लय वाळलास रं." बस्स, एवढंच.

पण तो तुकडा गप्प बसेना. मांडी सुजायची, ताप चढायचा, पू व्हायचा. मग पुन्हा मी, पुन्हा तो डोंगर. धक्का बसला की कमळ्या दात ओठात रुतवायचा. जना शेजारून चालायची, तान्हं पाठीशी बांधलेलं, एक हात माझ्या कडेवर. मित्रांनो, मला राग यायचा. रस्ते बांधायला ह्या माणसाला केवढ्या लांब नेलं! आणि त्याच्या घरापर्यंत रस्ता नाही, डॉक्टर नाही. न्यायची घाई, आणून टाकल्यावर कोण तू आणि कुठला तू!

लढाई संपली. शेहेचाळीस साली दवंडी आली की दहिवलीच्या शाळेत मोठे साहेब येणार आहेत. लढाईवरून परतलेल्यांसाठी पुढच्या काळात दवाखाने कुठे काढायचे, डॉक्टर कुठे बसवायचे, ते ठरवायला. वाडीत आनंदीआनंद झाला. मी कमळ्याला घेऊन गेले. पदूने मला शाळेच्या भिंतीला टेकवून उभी केली. खिडकीतून मला सगळं दिसत होतं.

साहेब आपल्याकडचेच होते, मराठी बोलणारे. भिंतीवर मोठा नकाशा लावला होता. "पुण्याला तुमच्यासाठी मोठं इस्पितळ होणार आहे," ते म्हणाले. "खाटा, यंत्रं, सगळं."

पायथ्याच्या गावचा सहदेव उठला. तो शेतकरी, पण पलटणीत नाईक होता. तोफांच्या आवाजाने त्याचा एक कान गेला होता. "साहेब, पुणं ऱ्हाऊ द्या पुण्याला," तो म्हणाला. "आमच्या गावात जंगल खात्याची चौकी रिकामी पडलीय. वटवाघळं ऱ्हात्यात तितं. आठवड्यातून एकदा एक डॉक्टर तितं बसवा. वटवाघळांची सोय आमी दुसरीकडं लावतो."

सगळे हसले. साहेबही हसले. मग कमळ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "डोलीतून येताना त्रास होतो का?"

"व्हतो," कमळ्या म्हणाला.

"मग आधी तुमची सोय करू. पक्कं बांधकाम करू."

झालं! सगळ्यांना वाटलं, चौकीच्या जागी पक्का दवाखाना होणार. परतताना पदू मला घेऊन नुसता पळत होता. "आता ही डोली पायथ्यापतुरच!" तो ओरडला. कमळ्या आतून म्हणाला, "हळू रं, दवाखाना व्हायच्या आत मारशील मला!"

दिवाळी झाल्यावर मुकादम आला. ओढ्यातले धोंडे आणून डोंगरवाटेच्या मधल्या वळणावर टाका म्हणाला.

"दवाखान्याचं हाय ना?" जनाने विचारलं.

"सरकारी सोयीचं हाय," मुकादम म्हणाला. त्याला तरी कुठे जास्त माहीत होतं?

वळणावरून गाडीवाटेला माल न्यायला सोपं पडेल, म्हणून तिथे ढीग करत असतील, असं बायकांना वाटलं. जनाने पोर पाठीशी बांधलं आणि डोक्यावर धोंडे आणले. दुधासाठी पोर रडायला लागलं की ती ओढ्याकाठी बसायची, पदराआड त्याला घ्यायची आणि त्याला सांगायची, "बाबाचं घर बांधतो बरं आपण, बाबाचा पाय बरा व्हायचं घर." त्या पोराला काय कळणार? पण ते पीत पीत तिच्याकडे बघायचं. वाडीतल्या कुणीही कामाला टाळाटाळ केली नाही.

मग गवंडी आले. आणि त्यांनी वळणावर, वाटेच्या कडेलाच, छातीएवढा उंच एक ओटा बांधला. वर सपाट, गुळगुळीत. माणूस मावेल एवढा लांब.

"ह्ये काय?" पदूने विचारलं.

"डोली ठेवायचा ओटा," गवंडी म्हणाला. "दमलात की ठेवायची, इसावा घ्यायचा, मग फुडं जायचं. असे आनखी होनार हायेत."

जना ओट्याकडे बघत उभी राहिली. मी पदूच्या घरात आढ्याला टांगलेली होते, मला हे नंतर कळलं. पण समोरच्या घरात जनाने त्या दिवशी चूल पेटवली नाही, हे मला दारातून दिसलं. शेजारच्या भागूबाईने पोराला पेज पाजली.

कुणी ह्या माणसांना विचारलं का हो, की तुमच्या वाटेवर तुम्ही डोली कशी नेता? मला वाहणाऱ्यांपैकी एकाला तरी विचारलं? नाही. आजाऱ्याला बरं करायला डॉक्टर लागतो, आणि ह्यांनी दिला तिरडी टेकवायचा चौथरा! तोही त्यांच्याच बायकांच्या डोक्यावरून आणलेल्या दगडांचा.

पुढे थोड्याच दिवसांत कमळ्याची मांडी पुन्हा सुजली. ह्या वेळी ताप असा चढला की तो आपल्याच पोराला ओळखेना. मला खाली काढलं. सहदेव निरोप मिळताच वर आला होता, तोही खांद्याला लागला. जना, भागूबाई आणि वाडीतल्या बायका मागून निघाल्या. आणि वळणावर येतो तर काय, ओट्याजवळ साहेब उभे! काम बघायला आले होते, सोबत मुकादम. आम्हाला बघून साहेबांचा चेहरा उजळला.

"वा! अगदी वेळेवर आलात. ठेवा, ठेवा डोली. घ्या विसावा."

कुणी थांबेना. पदूने नुसती मान हलवली.

"अरे, ठेवा! तुमच्यासाठीच बांधलाय."

"जितं मानूस हाय, सायेब," पदू म्हणाला. "न्हाय ठेवायचं."

"हा कसला हट्ट? दमलेले दिसताय."

मुकादम पुढे झाला आणि त्याने माझा बांबू धरला. मला ओट्याकडे ओढलं. मी हेलकावले, कमळ्याच्या मांडीला हिसका बसला आणि तो किंचाळला. त्या किंचाळीने त्याची शुद्ध परत आली म्हणा ना. त्याने डोळे उघडले, ओटा बघितला आणि सगळं ओळखलं.

"मला उतरवा," तो म्हणाला. "पायावर उतरवा. रिकामी झाली की मग ठेवा ती कुटं बी."

त्याला उतरवलं. एका पायावर, पदूच्या गळ्यात हात टाकून, तापाने लटपटत तो साहेबांसमोर उभा राहिला.

"सायेब, ब्रह्मदेशात गोळ्या चालू व्हत्या. माज्या सोबत्यांनी मला उचलून आणला. वाटंत खाली नाय ठेवला. आन् हितं माज्या घरच्या वाटंवर तुमी मला ठेवायला सांगता?"

साहेब गोंधळले. "मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"इच्यारलं कुनाला?" जना म्हणाली. तिने पाठीवरचं पोर सोडवून भागूबाईच्या कडेवर दिलं. सरळ ओट्याकडे गेली. वरचा धोंडा तिने दोन्ही हातांनी हलवला. चुना अजून पुरता धरला नव्हता. धोंडा सुटला. तिने तो डोक्यावर घेतला.

"ह्यो मी आनलाय. दवाखान्यासाठी आनलाय. जिकडं जायचा तिकडं नेते."

"ए बाई! सरकारी काम हाय ते! पोलीस येतील!" मुकादम ओरडला.

सहदेवने आपला गेलेला कान त्याच्याकडे केला. "काय म्हनता? मोठ्यानं बोला. ह्यो कान सरकारच्या कामातच गेलाय."

भागूबाई हसली, मग आणखी कुणीतरी हसलं. मागून आलेल्या बायकांनी एकेक धोंडा उचलला. पदूने कमळ्याला पुन्हा माझ्यात घातलं, घोंगडीची कड त्याच्या हनुवटीपर्यंत ओढली, आणि आम्ही निघालो. पुढे मी, मागे धोंड्यांची रांग. साहेबांना उतरायला दुसरी वाट नव्हती; तेही आमच्या मागून आले.

चौकीपुढे बायकांनी धोंडे टाकले. आवाजाने वटवाघळं फडफडत बाहेर पडली. साहेबांनी दारातून आत बघितलं.

"महिन्यातून एकदा डॉक्टर पाठवता येईल," ते म्हणाले.

"पू काय महिना धरून येतो?" जनाने विचारलं.

साहेबांनी खिशातून वही काढली. "बरं. आठवड्यातून एकदा. मी लिहून देतो."

"लिवा मागनं. आदी ती मोटार उगडा. मानूस तापलंय," जना चौकीपुढे उभ्या असलेल्या साहेबांच्या मोटारीकडे बोट दाखवत म्हणाली.

साहेबांच्या मोटारीतून कमळ्या कर्जतला गेला. मला पदूने हातात धरून ठेवलं होतं. मी पहिल्यांदाच रिकामी मागे राहिले. डॉक्टरांनी मांडी उघडून तो तुकडा काढला. आणखी उशीर झाला असता तर पाय गेला असता, म्हणाले. पाय वाचला, गुडघ्यात थोडा आखडला. आता कमळ्या काठी टेकत स्वतः पायथ्यापर्यंत उतरतो. चौकी साफ झाली, डॉक्टर येऊ लागले. लढाईवरून परतलेले लांबलांबचे लोक तिथे येतात. कुणाला मलमपट्टी लागते, कुणाला झोप लागत नाही म्हणून औषध लागतं, कुणी नुसतं दुसऱ्या शिपायाशी बोलायला येतो.

म्हणजे सगळं गोड झालं, असं वाटतंय ना तुम्हाला? मला नाही वाटत. आठवड्यातला एक दिवस डॉक्टरांचा. बाकीच्या दिवशी ताप आला तर? पलीकडच्या डोंगरातल्या वाडीत कुणाचा पाय सुजला तर? तेव्हा आढ्यावरून मलाच काढतात. आता देश आपला झाला. नवे साहेब येतात, नवे नकाशे लावतात, पुढच्या दवाखान्यांच्या योजना आखतात. लढाई संपली, असं सारखं म्हणतात. कमळ्याच्या मांडीत ती लढाई त्यानंतरही ठणकत होती, हे त्यांच्या नकाशात कुठे दिसतं?

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मी तसं म्हणणार नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुणी साहेब व्हाल, कुणी डॉक्टर व्हाल. दवाखाना कुठे बांधायचा हे ठरवायला बसाल तेव्हा आधी डोंगर चढून या आणि जनासारखीला विचारा. मग असा दवाखाना बांधा की मला उंदरांनी कुरतडलं तरी कुणाच्या लक्षात येऊ नये. माझा बांबू फोडून एखाद्या आईने चुलीत घालावा, त्यावर पोरासाठी पेज शिजवावी. तेवढा मान मला पुरे.

पण ते होईपर्यंत मला मोडता येत नाही. आजच पदूने नवी दोरी वळायला घेतली आहे. वरच्या वाडीतला एक म्हातारा शिपाई सकाळपासून कण्हतो आहे, आणि आज डॉक्टरांचा दिवस नाही.