बाहेरून गेलेली नळी

तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या बाबल्याला इंजिनाच्या पाया पडायची पाळी आली ती रत्नागिरीत, निवृत्तीनंतर. गाडी हर्षदची, म्हणजे त्याच्याच आळीतल्या आंबा व्यापाऱ्याची. परदेशातल्या एका कारखान्याने नव्वद वर्षांपूर्वी राजेरजवाड्यांसाठी करून पाहिलेला तो नमुना, तसली दुसरी कधी निघालीच नाही. बारा सिलिंडर, आणि बोनेटवर भरली कपबशी ठेवली तरी चहा हिंदकळायचा नाही. दोन वर्षं खपून बाबल्याने ती चालती केली होती.

चाचणीच्या पहिल्या फेरीत ब्रेक डावीकडे ओढत होते, दुसरीत क्लच घसरला. ते त्याने निस्तरलं. पण हातखंबा गावाच्या अलीकडे चढ लागला की गाडी गुदमरायची, आणि आज तिसऱ्यांदा ती भर उन्हात बंद पडली.

"काका, आता पुरे," हर्षद म्हणाला. "बोललो होतो ना? हे इंजिन काढू, नवं बसवू. वरून कोणाला कळतंय!"

बाबल्याने बोनेट उघडून पेट्रोलच्या नळीला हात लावला तर चटका बसला. त्याने ओला पंचा तिच्यावर गुंडाळला. दहा मिनिटांनी इंजिन काही घडलंच नसल्यासारखं सुरू झालं.

पेट्रोल नळीतच उकळत होतं. आणि का, तेही बाबल्याला उमगलं. मूळची नळी गाडीच्या सांगाड्याच्या बाहेरून लांबचा वळसा घेऊन गेली होती. खाऱ्या हवेशी जन्मभर वैर केलेल्या या खलाशाने ती "गंजेल" म्हणून आतून घेतली होती, धुराच्या तापल्या पाइपाला खेटून. वर गाडी बनवणाऱ्या त्या परदेशी कारागिराला येडा म्हणून हसलाही होता.

हर्षदला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण तोंड मिटून बसावं तर शिक्षा इंजिनाला होणार होती.

"इंजिनाला बोल लावू नको," बाबल्या म्हणाला. "चुकला ता माझा. नळी मी हलवली."

सगळ्या रत्नागिरीत ज्याचा हात नावाजलेला, त्याने असं म्हणावं! हर्षदने बोनेट लावून टाकलं. "उद्या शेवटची फेरी. नाही चढली तर नवं इंजिन," तो म्हणाला.

संध्याकाळी बाबल्याने नळी उतरवली. नळी कसायला आपण सांगाड्यात पाडलेल्या चार भोकांशेजारी त्याला पितळेने बुजवलेली चार जुनी भोकं दिसली. सांगाडा साफ करताना ती त्याने पाहिली होती, पण कशाची ते कळलं नव्हतं. आता कळलं. गाडी बनवणाऱ्या त्या माणसानेही नळी आधी आतूनच नेली होती. कुठल्यातरी चढावर तोही असाच उन्हात उभा राहिला असेल, आणि मग मुकाट्याने ती बाहेरून वळवली असेल.

"चुकलो रे बाबा," बाबल्या मोठ्याने म्हणाला आणि त्याने खरोखरच हात जोडले.

नळी पुन्हा बाहेरून घेतल्यावर दुसऱ्या दिवशी भर दुपारी गाडी एका दमात हातखंब्याला पोचली. टपरीवरची माणसं भोवती जमली. "काका, आता सांगा सगळ्यांना, कोणी केली ही!" हर्षद अभिमानाने म्हणाला.

"केली त्याने," बाबल्या म्हणाला. "मी फक्त त्याची चूक परत करून बघितली."

आदल्या संध्याकाळीच त्याने आपली चार भोकं त्या जुन्या चारांशेजारी पितळेने बुजवली होती.