हाताला सोसेल एवढा जाळ

"ते वर्ष भाषणात घ्यायचं नाही म्हणजे नाही!" सुतारनानांनी ओट्यावर काठी आपटली.

"नाना, ओटा फुटेल," गुरुजी म्हणाले. "आणि माणसाबद्दल बोलायचं तर सगळं बोलावं. नुसतं गोडगोड बोललं की लोक म्हणतात, गुरुजी म्हातारे झाले."

"मग झालाच आहात की! मेलेल्या माणसाची एक चूक चौदा वर्षांनी उकरून काढताय. तुमची अक्कल कुठं चरायला गेली?"

"चूक नाही सांगत मी. चूक कबूल केली ते सांगतोय. भर सभेत उभं राहून 'माझं चुकलं' म्हणणारा दुसरा माणूस दाखवा या गावात. तुम्ही माझ्या दाराची चौकट तिरकी बसवलीत, केलंत कबूल?"

"चौकट सरळ आहे. तुमची भिंत तिरकी आहे."

आत चुलीपाशी ती चहा गाळत होती. हात थांबला होता आणि चहा कपाबाहेर चालला होता. नवरा जाऊन महिना झाला होता. आज चार वाजता शाळेच्या अंगणात त्याच्या आठवणीसाठी गाव जमणार होतं. गुरुजी बोलणार होते, नाना बोलणार होते, शहरातून आलेली लेक बोलणार होती. हिला कुणी बोल म्हटलं नव्हतं. नुसतं पुढं बसायचं, एवढंच.

ती चहा घेऊन बाहेर आली.

"वहिनी, तुम्हीच सांगा," नाना म्हणाले. "शंभरदाण्याचं ते वर्ष काढायचं का?"

शंभरदाणे हे तिच्या नवऱ्याचं गावानं ठेवलेलं नाव. त्याचं काम बी राखायचं. कापणी झाली की ज्याच्या शेतात चांगली कणसं आली असतील तिथं तो जायचा, एकेक ओंबी हातात घेऊन निवडायचा आणि ते गव्हाचं बी आपल्या मागच्या खोलीत राखेत घोळून ठेवायचा. पेरणीआधी पंधरा दिवस ओलं गोणपाट अंथरून त्यावर शंभर दाणे मोजून मांडायचा. चौथ्या दिवशी गोणपाट उचलून पारावर नेऊन उलगडायचा आणि सगळ्यांदेखत कोंब मोजायचा. नव्वदच्या खाली आले तर ते बी कोंबड्यांना. वर आले तर गावाला. "माणूस थापा मारतो, दाणा मारत नाही," असं म्हणायचा. पोरांनी दहाचे दहा गट मोजून दिले तरी हा पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. लोक हसायचे. म्हणायचे, याच्या लग्नात अक्षता टाकायच्या आधी यानं मोजून घेतल्या असतील.

हसायचे, पण पेरायचे त्याचंच बी.

"तुम्हाला बरं वाटेल तसं करा," ती म्हणाली आणि आत आली. मागून नाना म्हणाले, "बघा, त्या माउलीला किती लागलं ते!" तिला वाटलं, माझ्या तोंडावर चहा फेकला असता तरी एवढं भाजलं नसतं.

दुपारी लेक खिडकीत बसून कागदावर लिहीत होती. बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी होती. अक्षर बारीक आणि सरळ, खोडलेलं काही नाही. बापाचीच लेक. लहानपणी त्याच्या मांडीवर बसून दाणे मोजायची, तो मुद्दाम एक दाणा ओठात धरायचा आणि म्हणायचा, "चिमणे, नव्याण्णवच भरले गं!" मग ती त्याचं तोंड उघडून बघायची. दोघं इतकी हसायची की हिला चुलीपुढून ओरडावं लागायचं.

ते त्या वर्षी थांबलं. तेव्हा लेक बारा वर्षांची होती.

"आई, वाचून दाखवू का?"

"वाच."

लेकीनं वाचलं. बाबांनी मला मोजायला शिकवलं. बाबांनी एका वर्षी कंटाळा केला, शंभर दाणे न मोजताच बी वाटलं, आणि चाळीस घरांची पेरणी वाया गेली. पण त्यांनी ते सगळ्या गावासमोर मान्य केलं. त्या वर्षी मी त्यांच्यावर रागावले, आणि खरं सांगायचं तर तो राग पुरता कधी गेला नाही. आज मी रोज शंभर मोजते, कधी नव्याण्णव नाही, ते त्यांच्या त्या चुकीमुळं.

"कसं वाटलं?"

"असं… असंच बोलणार?"

"का? कडू वाटतं? पण खरं आहे ना. मी तेव्हा विचारलं होतं त्यांना. 'बाबा, तुम्ही मोजलेच नव्हते ना?' म्हणाले, 'नाही गं.' तुझ्यासमोरच."

तिच्यासमोरच. ती तेव्हा ताटं पुसत होती. पुसलेलं ताट तिनं पुन्हा पुसलं होतं.

"तसं नव्हतं," ती म्हणाली.

"मग कसं होतं?"

तोंड उघडलं, आणि निघालं ते एवढंच, "तो कागद घडी करून ठेव. वाऱ्यानं उडेल." वारा कुठं होता? झाडाचं पान हलत नव्हतं.

झालं होतं ते असं. त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर आभाळ भरून आलेलं. नवरा चार दिवस बहिणीकडं घराच्या भिंती उभ्या करायला निघाला. हिनं अबोला धरला. ज्यानं हाक मारली त्याच्याकडं हा धावणार, आणि घरचं छप्पर गळतंय ते गळू दे. दारातून जाता जाता तो म्हणाला, "अगं, मागच्या खोलीतलं कोपऱ्यातलं कौल सरकलंय. पोती तेवढी अलीकडं ओढून घे." ऐकू आलं होतं तिला, चांगलं ऐकू आलं होतं. पण रागानं तिनं पोत्यांना हात लावला नाही. आला की बघेल आपली पोती, असं म्हणाली.

दोन दिवस पाऊस झोडपत राहिला. तिसऱ्या दिवशी तिनं खोली उघडली तर पोती वरपासून खालपर्यंत ओली. बियाची चाचणी आधीच झालेली, चौऱ्याण्णव कोंब आलेले, साऱ्या गावानं पाहिलेले. परवा वाटप. ऊन नाही. मग तिनं गोठ्यात विटांवर दोन पत्रे ठेवले, खाली जाळ घातला आणि बी पसरून हातानं वरखाली करत राहिली. हाताला सोसेल एवढाच जाळ. हाताला सोसतंय ते दाण्याला सोसेल, असा तिचा हिशेब. पण तो हात वीस वर्षं तव्यावर आणि चुलीत गेलेला. त्याला काय सोसत नव्हतं? संध्याकाळपर्यंत दाणे खडखडीत वाळले. दिसायला जसेच्या तसे, पिवळेधमक. पोती वाळवून, भरून, तोंडं शिवून तिनं जागच्या जागी ठेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नवरा आला, बी वाटलं, गावानं पेरलं. आठ दिवस झाले, दहा झाले. रानं काळीच्या काळी. बियातला जीव गेला तरी दाणा रंग बदलत नाही, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

उरलेल्या पोत्यातले शंभर दाणे त्यानं गोणपाटात ठेवले. एकाला कोंब नाही. तिनं दाराआडून पाहिलं, त्यानं एक मूठ नाकापाशी नेली. बराच वेळ तिथंच धरली. गोठ्यात गेला. पत्र्याखालची वीट काळी झाली होती, तिच्यावर बोट फिरवलं. परत आला आणि जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी सभेत उभा राहून म्हणाला, चाचणी मी केलीच नव्हती, कोंब दुसऱ्या बियाचे दाखवले, माझं चुकलं. शिव्या खाल्ल्या. त्या वर्षी गावानं उशिरा, बाहेरून आणलेलं बी पेरलं आणि अर्धं पीक घेतलं. नंतर त्याच्याकडं कुणी बी दिलं नाही. राग विरला, लोक पुन्हा बोलू लागले, हसू लागले. नाव शंभरदाणेच राहिलं, पण ते आता टोमण्यासारखं.

घरात त्यानं तो विषय काढला नाही. फक्त एकदा, वर्षभरानं, दोरी वळता वळता म्हणाला, "ओलं बी आगीवर धरू नये. सावलीत वाऱ्यावर पसरावं. चार दिवस जास्त लागतात, बास." तिच्याकडं न बघता. आणि मग दोरी वळायची सोडून थांबला.

ती भाजी निवडत राहिली.

चार वाजता शाळेचं अंगण भरलं. गुरुजी बोलले, ते वर्ष घेतलंच त्यांनी, आणि नानांनी खालून "झालं समाधान?" म्हटलं, तसे लोक हसले. नाना बोलले, ते मधेच रडायला लागले आणि खाली बसले. मग गुरुजींनी लेकीचं नाव पुकारलं. लेक उठली. कागदाची घडी उलगडली.

"थांब," ती म्हणाली. कशी उभी राहिली तिचं तिला कळलं नाही. "आधी मी बोलते."

आणि बोलली. भाषण नव्हतंच ते. कौल, पोती, पत्रे, जाळ. अबोला धरला होता तेही. "त्यांनी मोजले होते. चौऱ्याण्णव आले ते ह्याच बियाचे. बी मी भाजलं. ते माझ्यासाठी खोटं बोलले, आणि मी बोलू दिलं."

मग मागून एक म्हातारी नाकाला पदर लावून म्हणाली, "बघा गं बायांनो, नवरा गेला तरी त्याचं पाप पोटात घेतेय. अशी बायको मिळायला नशीब लागतं!"

"नाही ओ आजी, खरंच…"

"असू दे, माउली, असू दे. आम्ही कधीच माफ केलंय त्याला."

गुरुजींनी तर हात जोडले. "वहिनी, तुम्ही शंभरदाण्यांच्याही वरताण आहात." पुढच्या बाया तिचा हात धरून तिला खाली बसवू लागल्या. कुणी पाणी आणलं. ती "मी केलं, मी केलं" म्हणत होती, आणि जितकं म्हणावं तितके लोकांचे डोळे जास्त भरून येत होते.

"आई." लेक तिथंच उभी होती. आवाज साधा होता, नोंदवहीत काही लिहून घ्यायच्या आधी विचारावं तसा. "बी हाताला किती ओलं लागत होतं?"

"मुठीत दाबलं की गोळा होत होता."

"जाळ किती वेळ?"

"दुपारपासून दिवेलागणीपर्यंत."

"आणि हात? दाण्यात हात राहत होता?"

"चटके बसत होते. पण राहत होता."

लेकीनं मान खाली घातली. मग लोकांकडं वळून ती म्हणाली, "आई खोटं बोलत नाही. वाळलं बी थोडी ऊब सोसतं. ओलं बी एवढा वेळ तापवलं तर शंभरातला एकही उगवत नाही. मी हे रोज तपासते. चौऱ्याण्णव उगवणारं बी दहा दिवसांत असं आपोआप मरत नाही." तिनं कागदाची पुन्हा घडी घातली. "बाबांनी मोजले होते. मी त्यांना विचारलं, ते नाही म्हणाले, आणि मी त्यांचं ऐकलं. मी मोजून बघितलं नाही."

तिनं कागद वाचला नाही. आईकडं पाहिलंही नाही. जागेवर जाऊन बसली, आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडंच बघत राहिली.

आता मात्र कुणी "माउली" म्हटलं नाही. हात धरलेल्या बाईनं हात हळूच सोडला. मागं कुजबुज सुरू झाली. ज्यांच्या घरी त्या वर्षी अर्धंच पीक आलं होतं ते आठवू लागले. ती उभीच राहिली. जे यायला हवं होतं ते आलं होतं, आणि घ्यायला ती एकटी होती, तो नव्हता.

नाना काठी टेकत पुढं आले. डोळे लाल झाले होते.

"वहिनी, एक सांगा. त्याला ठाऊक होतं?"

"होतं."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग गाढवानं मला तरी सांगायचं! मी काय गावभर दवंडी पिटली असती? आम्ही दोघं रोज एका बिडीवर बसत होतो. एवढी वर्षं कशाची वाट बघत होता तो?"

तिला ती अर्धी वळलेली दोरी दिसली आणि तिच्यावरचे थांबलेले हात.

"माझी," ती म्हणाली.